टोरुनची मापं

त्रॉम्सो
२४ जानेवारी १९८८

प्रिय राग्नी,

चौदा महिने तुला पत्र लिहिलं नाही, त्याची आधी माफी मागते. मावशीच्या अंत्यविधीनंतर तू मला विमानतळावर सोडलंस तेव्हा 'पोचल्यावर लिहिते' म्हणाले होते. पोचले, आणि लिहिलं नाही. शाळेच्या ग्रंथालयात दिवसभर दुसऱ्यांची पुस्तकं लावते, पण स्वतःच्या चार ओळी लिहायला बसवत नाही. आता लिहितेय तेही कामासाठी. हसायचं तेवढं हसून घे.

सोबतच्या खोक्यात माझा बुनाड आहे, वोसचा तो सणासमारंभाचा पारंपरिक पोशाख, माझ्या कन्फर्मेशनला मावशीने शिवलेला. येत्या आठ मेला हेर्दिसचं कन्फर्मेशन आहे. माझी पोरगी चर्चमध्ये सगळ्यांसमोर श्रद्धेची कबुली देण्याएवढी मोठी झाली, विश्वास बसत नाही. तिचा बुनाड सासूबाईंनी त्यांच्या गावच्या पद्धतीचा, निळा, करून घेतलाय. मी मात्र वोसचाच घालणार. राहायला उत्तरेला आले म्हणून आईचं गाव बदलत नाही.

अडचण अशी की हूक लागत नाहीत. हूक आणि कडी यांच्यात चार बोटांचं अंतर राहतं. बुनाड कपाटात आटतो असं सगळ्याच बायका म्हणतात, माझा जरा जास्तच आटलाय. मी त्रेचाळीसची झाले, त्याचं हे बक्षीस. मापं घेतली आहेत: छाती ९४, कंबर ८५, दंड २६.

परवा दोन महिन्यांनी सूर्य दिसला. शाळेत दरवर्षीप्रमाणे त्या निमित्ताने गोड बन वाटले. मी अर्ध्यावर ठेवला तर माझ्याबरोबर काम करणारी ब्योर्ग म्हणाली, "काय गं, डाएट का? बरोबर आहे, मेपर्यंत वेळ आहे." मी हो म्हटलं. खरं तर मला भूकच नव्हती. पण डाएट म्हटलं की लोक कौतुक करतात, भूक नाही म्हटलं की प्रश्न विचारतात.

तुझी,
टोरुन


वोस
३ फेब्रुवारी १९८८

प्रिय टोरुन,

तुझं खोकं शुक्रवारी आलं. पत्र दोनदा वाचलं, आणि मग लक्षात आलं की चौदा महिन्यांत मी तरी कुठे लिहिलं. तेव्हा फिटंफाट.

बुनाड खिडकीपाशी टेबलावर पसरलाय. लाल चोळी, काळा घागरा, पांढरा एप्रन, मण्यांची छातीपट्टी, सगळं ठीक आहे, कसर कुठे लागलेली नाही. आईचं काम उसवताना मला अजून तिची परवानगी घ्यावीशी वाटते. चोळीच्या दोन्ही बाजूंना अस्तराच्या आत तिने भरपूर कापड दाबून ठेवलंय. गिऱ्हाइकांना ती म्हणायची, "पोरी, हा जन्मभर घालायचा आहे आणि तू काही जन्मभर पंधराची राहणार नाहीस." तेव्हा काळजी नको, जागा आहे.

शंका एकच. आईची मापांची वही माझ्याकडे आहे, त्यात तुझं पान आहे. शेवटचं माप १९८१चं: कंबर ७६, दंड ३०. तू पाठवलेलं माप खरं मानलं तर कंबर नऊने वाढली आणि दंड चारने उतरला. असं होत नाही. बाई भरली की सगळीकडे भरते, निदान माझ्याकडे येणाऱ्या तरी. तू एकटीनेच टेप धरलीस ना? एका हाताने दुसरा दंड मोजला की टेप आवळली जाते. आइनार बोटीवरून आला की त्याला धरायला लाव. त्याला मासे मोजता येतात, बायकोही येईल.

पुन्हा मोजून कळव, तोवर मी काहीही उसवणार नाही. इतिहासाची पदवी घेऊन मी सुई धरली, त्यातून एकच सवय उरली आहे. दोनदा पडताळल्याशिवाय हात लावायचा नाही. आई याला भित्रेपणा म्हणायची.

राग्नी


त्रॉम्सो
१९ फेब्रुवारी १९८८

प्रिय राग्नी,

आइनार बारा दिवस घरी होता. त्याच्याकडून मोजून घेतलं. कंबर ८७, दंड २६. म्हणजे माझी टेप बरोबर होती. कंबर मात्र जानेवारीपेक्षा दोनने जास्त आहे. आइनार म्हणाला, "इथे वाढलीस, तिथे कमी झालीस. सरासरी काढली तर तू तीच आहेस." त्याला वाटलं मी हसेन, म्हणून मी हसले.

ब्योर्ग तर माझ्या मागेच लागलीय. "चेहरा काय रेखीव झालाय तुझा. ही गालाची हाडं आधी कुठे होती? काय करतेस सांग ना." मी सांगते, संध्याकाळचा पाव बंद केला. ते खोटं नाही. संध्याकाळी दोन घास खाल्ले तरी पोट गच्च होतं, मग पाव कुठे खाणार. थकवा आहे, पण इथे फेब्रुवारीत कोण थकलेलं नसतं?

गेल्या आठवड्यात शाळेचा रखवालदार जिन्यात भेटला. "काय टोरुन, माळ्यावरून पाळणा काढून ठेवलास की नाही?" म्हातारा माणूस, मनात काही नव्हतं त्याच्या. मी म्हटलं, "काढलाय, तूच येऊन बस त्यात." तो खूप हसला. मी मागच्या खोलीत जाऊन दहा मिनिटं दार लावून बसले. त्या दिवसापासून शाळेत आइनारचे स्वेटर घालून जाते.

म्हणून एकच मागणं आहे. आठ मेला सासूबाई पहिल्या बाकावर असतील. उसवून सैल केलेला बुनाड त्यांना दहा पावलांवरून ओळखू येतो. डॉक्टरांच्या बायकोबद्दल एकदा जेवताना म्हणाल्या होत्या, "छान आहे, पण शिवला तेव्हा ती एवढी नव्हती." तोंडावर कधी बोलायच्या नाहीत, त्यांच्यात ते बसत नाही, पण बघतात. तू असं कर की बघणाऱ्याला काही कळता कामा नये. त्या दिवशी माझ्याकडे बघून हेर्दिसला मान खाली घालावी लागू नये, एवढंच.

सासूबाईंची पंचाहत्तरी वीस मार्चला आहे. त्याआधी झाला तर तेव्हाही घालीन.

टोरुन


वोस
७ मार्च १९८८

प्रिय टोरुन,

बुनाड आजच्या टपालाने निघाला.

नुसता सैल केला असता तर तुझ्या सासूबाईंना खरंच कळलं असतं. म्हणून घागऱ्याच्या पोटावरच्या चुण्या काढून दोन्ही बाजूंना नेल्या. एप्रनचा पट्टा दोन बोटं वर घेतला, म्हणजे नजर तिथेच थांबते. ब्लाउजच्या खांद्यांत आतून पातळ पट्ट्या घातल्या, बाहीला मनगटापाशी जास्त झोल दिला आणि गळा थोडा उंच केला. मानेची हाडं दिसणार नाहीत.

हे सगळं करायला मी शिवणाचा पुतळा तुझ्या मापाचा केला. पोटावर टॉवेल गुंडाळला, दंडावरचा कापूस काढला. पुतळा तुझा झाला तेव्हा मी जरा वेळ बघत उभी राहिले. मग त्यावर बुनाड चढवला आणि ते सगळं दिसेनासं झालं. इतकं चांगलं काम माझ्या हातून क्वचित होतं. हे लिहिताना बरं वाटतंय, आणि बरं वाटतंय याचंच कुठेतरी वाईट वाटतंय. का, ते नीट सांगता येत नाही.

एकदा डॉक्टरांकडे जाऊन येशील का? लोह कमी असेल, आणखी काही असेल. मी शिवणारी बाई, मला यातलं काय कळतं, तेव्हा रागावू नकोस.

काल वहीत दुसऱ्या कुणाचं तरी पान शोधत होते. सापडलं. त्याबद्दल पुन्हा केव्हातरी.

राग्नी


त्रॉम्सो
२४ मार्च १९८८

प्रिय राग्नी,

तुझे हात सोन्याने मढवायला हवेत.

सासूबाईंच्या पंचाहत्तरीला घातला. हूक अलगद लागले. आरशासमोर उभी राहिले तर समोर मीच होते, दोन वर्षांपूर्वीची. हेर्दिस दारातून म्हणाली, "आई, लग्नाच्या फोटोतल्यासारखी दिसतेस." आइनारचा भाऊ म्हणाला, "वहिनी, त्रॉम्सोचं पाणी तुला मानवलंय." सासूबाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि फक्त "छान" म्हणाल्या. त्यांच्या तोंडून छान म्हणजे पदकच. अठरा वर्षांत मला ते दुसऱ्यांदा मिळालं.

आता तुला सांगायला हरकत नाही. रखवालदाराच्या त्या गमतीनंतर मी खरंच घाबरले होते. अंघोळीनंतर आरसा टाळत होते. तुझं पत्र यायच्या आधीच डॉक्टरांची वेळ घेतली होती, कालची, तेवीस तारखेची. पण त्या समारंभानंतर घरी येऊन पुन्हा एकदा आरशात पाहिलं आणि वाटलं, अगं, कशाला त्यांचा वेळ घ्यायचा? ज्यांना खरोखर काही झालंय त्यांना मिळू दे. सोमवारी फोन करून वेळ रद्द केली. तिथली मुलगी म्हणाली, "बरं वाटतंय का आता?" म्हटलं, "एकदम."

डॉक्टरांना जे जमलं नसतं ते तू सुईदोऱ्याने केलंस. ईस्टरला नेहमीसारखी भरपूर संत्री खा, माझ्या नावाने.

टोरुन


वोस
२९ मार्च १९८८

प्रिय टोरुन,

काल तुला फोन केला होता तो हे सांगायला. तू बर्फाबद्दल बोललीस, हेर्दिसच्या परीक्षेबद्दल, आइनारच्या बोटीबद्दल, आणि मी तुला बोलू दिलं. तोंडाने मला जमत नाही. म्हणून लिहिते. हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितेय. पहिली दोन जास्त सौम्य होती.

तुझी आई हृदयविकाराने गेली नाही. तिला अंडाशयाचा कॅन्सर होता. तू चोवीस वर्षांची होतीस, घरापासून दूर शिकत होतीस, तुझी परीक्षा जवळ आली होती. माझ्या आईने आणि मामाने मिळून ठरवलं की तुला हृदय सांगायचं. मला आईने हे १९७९ साली सांगितलं आणि तुला सांगणार नाही असं कबूल करून घेतलं. मी कबूल केलं.

मला वहीत सापडलेलं पान तुझ्या आईचं आहे. तिचाही बुनाड माझ्या आईनेच सैल केला होता. जसं आहे तसं उतरवून देते.

१९६७, मे: कंबर ७८, दंड ३१.
१९६८, एप्रिल: कंबर ८४, दंड २८.
१९६८, सप्टेंबर: कंबर ९१, दंड २५. पुन्हा सैल केला. आता काही दिसत नाही.

त्यापुढे पान कोरं आहे. फेब्रुवारीत ती गेली.

कंबर वाढते आणि दंड उतरतो, हे मी तुला अशक्य म्हणून लिहिलं होतं. अशक्य नाही. माझ्याच घरात लिहिलेलं होतं. पोटात पाणी साठतं आणि बाकीचं अंग झिजतं.

हे पान मला सहा मार्चला सापडलं. सात मार्चला मी तुला बुनाड पाठवला आणि 'लोह कमी असेल' असं लिहिलं. उगाच घाबरवू नये, असं कारण मी स्वतःला दिलं. तपासून पाहिलं तर ते पुरतं खरं नाही. काम संपलं होतं, छान झालं होतं, आणि मला ते उसवायचं नव्हतं. आता कळतंय की ते इतकं छान झालं की खुद्द तुलाच काही दिसलं नाही.

ईस्टर संपल्याबरोबर डॉक्टरांकडे जा. आठ मेच्या आधी. तपासतील, काही नाही म्हणतील, तू मला जन्मभर चिडव. मी ऐकून घेईन.

राग्नी


त्रॉम्सो
१० एप्रिल १९८८

राग्नी,

माझी आई कशाने गेली हे मला तुझ्या वहीतून कळावं? नऊ वर्षं तुला माहीत होतं. कितीतरी उन्हाळे तुझ्या स्वयंपाकघरात बसून आपण वॅफल खाल्ले, आईच्या थडग्यावर दोघींनी फुलं लावली, आणि तू गप्प. आणि आता एकदम आकडे. आकडे पाठवायचे सुचले तुला.

मी आईसारखी नाही. ती एक्कावन्नची होती. मी नीट चालते, कामावर जाते, जिने चढते. दुसऱ्या मजल्यावर जरा थांबते, पण चढते.

मी जाणार नाही असं म्हटलेलं नाही. नऊ मेला जाईन, सोमवार आहे. आधी नाही. आधी गेले आणि त्यांनी मला ठेवून घेतलं तर? हेर्दिसने वर्षभर या दिवसाची वाट पाहिली आहे. गाणं बसवलंय, बहिणीभावंडांना बोलावलंय, केकचा आकारसुद्धा ठरलाय. तिला तो एक दिवस मिळू दे. एकच दिवस मागतेय.

आणि आइनारला यातलं काही सांगितलंस तर तुझी-माझी ओळख संपली, हे लक्षात ठेव.

हूक पुन्हा लागत नाहीत. कंबर ९२. दंड मोजलेला नाही, मोजणारही नाही. खोकं पाठवतेय. आत अजून कापड असेल, मावशी कधी कंजुषी करत नसे. आणखी थोडा सोड, आणि आधीसारखाच कर.

टोरुन


वोस
१७ एप्रिल १९८८

प्रिय टोरुन,

कापड आहे. दोन्ही बाजूंना मिळून दीड बोट. मी ते सोडणार नाही.

तीन दिवस बसून मी माझं काम उसवलं. खांद्यांतल्या पट्ट्या काढल्या, गळा खाली आणला, एप्रनचा पट्टा होता तिथे आणला, चुण्या परत पोटावर आणल्या. चोळीची शिवण १९८१च्या मापावर नेली. हा आता तेव्हाचा बुनाड आहे, आणि तो तसाच परत पाठवतेय. अंगावर चढव आणि दिवसाच्या उजेडात आरशासमोर उभी राहा. झाकायला त्यात काही ठेवलेलं नाही.

मी हेर्दिसचा दिवस हिरावून घेतेय का? तीन दिवस हाच विचार करत होते. कदाचित घेतेय. कदाचित तुला खरंच काही झालेलं नाही आणि मी तुझ्याशी दुष्टपणा करतेय. काल एक गिऱ्हाईक आलं होतं, तिला नाव न सांगता विचारलं. ती म्हणाली, "बायकांच्या पोटाच्या भानगडीत तू कशाला पडतेस? शिवायला दिलंय, शिवून दे." हे तिचं म्हणणं चूक आहे असं मला सिद्ध करता येणार नाही. माझ्या आईनेही हेच केलं होतं. बहिणीने सांगितलं तेवढं तिने शिवून दिलं.

डॉक्टर काही नाही म्हणाले तर मला एक फोन कर. मी सात मेला विमानाने येईन आणि एका रात्रीत हवा तेवढा सैल करून देईन. आइनारला सांगितलेलं नाही. तेही बरोबर करतेय की चूक, मला माहीत नाही.

राग्नी


त्रॉम्सो, हॉस्पिटल
२८ एप्रिल १९८८

प्रिय राग्नी,

पेन्सिलीने लिहितेय, पडून लिहिताना पेन चालत नाही.

खोकं बुधवारी आलं. मला वाटलं तू ऐकलंस. सगळं अंगावर चढवलं आणि हूक शोधायला लागले. हूक कुठल्या कुठे राहिले होते. चोळी खांद्यांवरून घसरत होती आणि पोटावर उघडी पडली होती. माझे हात बाहीतून काठीसारखे आले होते. इतक्यात हेर्दिस शाळेतून आली, दारातच थांबली. ती ओरडली नाही, रडली नाही. तिने विचारलं, "आई, तू अशी कधीपासून आहेस?"

मग तिनेच फोन आणून माझ्या हातात दिला.

डॉक्टर आधी गमती करत होते, केवढं बर्फ वगैरे. पोटावर हात ठेवला आणि गमती थांबल्या. दुसऱ्या दिवशी मी इथे होते. इथल्या डॉक्टरबाईंनी पोटातून पाच लिटर पाणी काढलं. एका दिवसात कंबर पंधराने उतरली असेल. पोट गेल्यावर जे उरलंय ते बघून आइनार बाहेर गेला आणि बऱ्याच वेळाने दोन कॉफ्या घेऊन आला. मला कॉफी चालत नाही हे तो विसरला होता. दोन्ही त्यानेच प्यायल्या.

डॉक्टरबाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाला? मी म्हटलं, आईला, १९६८. हे बोलताना मला तुझी आठवण आली, आणि रागही आला, पण आधीइतका नाही. मग त्यांनी विचारलं, मुलगी आहे का? आहे म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि त्याखाली रेघ मारली.

मी त्यांना विचारलं, मार्चमध्ये आले असते तर? त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "आता आलात, आता बघू." हे तुला सांगू नये असं वाटलं होतं. मग वाटलं, आपल्या घरात न सांगणं आता पुरे झालं. तू स्वतःला खाशील हे मला माहीत आहे. पण काही कळता कामा नये, असं तुला मीच लिहिलं होतं. अर्धा वाटा माझा.

ऑपरेशन सहा मेला, शुक्रवारी. म्हणजे आठ तारखेला मी चर्चमध्ये नसेन. दोन तासांसाठी खुर्चीवर बसवून न्या म्हटलं, तर बाई नाही म्हणाल्या. तू ये. हेर्दिसला बुनाड नीट घालून द्यायला कुणीतरी हवं, सासूबाईंचे हात आता थरथरतात. तिला पाणी काढलं एवढंच सांगितलंय, पुढचं नाही.

टोरुन


त्रॉम्सो, तुझं स्वयंपाकघर
८ मे १९८८, दुपार

प्रिय टोरुन,

आइनार चार वाजता तुझ्याकडे येईल, त्याच्याबरोबर हे पत्र देते. तू जागी असशील तेव्हा वाच. फार थकलेली असशील तर तो वाचून दाखवेल. आता त्याच्यापासून लपवायचं काही नाही.

ऑपरेशनबद्दल डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते तुला आइनारने सांगितलं असेलच. तरी मीही लिहिते, म्हणजे कुणी गोड करून सांगितलं असेल तर कळेल. बरंचसं काढलं. सगळं निघालं नाही. पुढे औषधं आहेत, ती कडक आहेत, आणि त्यांचा किती उपयोग होईल हे त्यांना आज सांगता येत नाही.

आता हेर्दिसचा दिवस. सकाळी आठला मी तिला निळा बुनाड घालून दिला. मापात बसलाय, काम चांगलं आहे, पाठीवर एक शिवण मी वेगळी घातली असती. चर्चमध्ये ती तिसरी होती. पाद्र्यांनी नाव घेतलं तेव्हा तिने पहिल्या बाकाकडे पाहिलं, तुझ्या रिकाम्या जागेकडे, आणि मग समोर पाहून स्पष्ट आवाजात उत्तर दिलं. गाताना मधे एकदा थांबली. ब्योर्ग मागच्या बाकावरून तिच्याबरोबर गायला लागली, मग आणखी दोघीतिघी, मग ती पुन्हा गाऊ लागली. केक जहाजाच्या आकाराचा आहे. शिडाचा तुकडा तुझ्यासाठी ठेवलाय, तू खाणार नाहीस हे माहीत असून.

जेवणाच्या वेळी तुझ्या सासूबाई माझ्या शेजारी बसल्या. हळूच म्हणाल्या, "मार्चमध्ये तिचा बुनाड तुम्हीच केला होतात ना?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "मला तेव्हाच दिसलं होतं. खांदे भरलेले होते, एप्रन वर घेतला होता. दारातून आली तेव्हाच दिसलं. वाटलं, झाकायचंय तिला, झाकू दे. वयात येतं पोट. असलं काही कुणी तोंडावर बोलतं का?" मग त्यांनी रुमाल काढला आणि तो नुसता मांडीवर धरून बसल्या. आम्ही दोघींनी पाहिलं होतं, टोरुन. मी मापांत पाहिलं, त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, आणि दोघीही शिष्टाचार पाळत बसलो.

मी असं लिहिते म्हणजे दोष त्यांच्यासोबत वाटून घेतेय का? असेल. अर्धा वाटा मात्र मी तुला घेऊ देणार नाही. तू भीत होतीस आणि तुला ते नीटसं माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

गाडीतून परत येताना हेर्दिसने विचारलं, "राग्नीमावशी, आजीला पण असंच झालं होतं ना?" तिला कुणी सांगितलेलं नाही. तिने स्वतःच जुळवलं. मी म्हटलं, "उद्या बोलू." तिने मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत बसली. मामाने आणि आईने तुला हृदय सांगितलं तेव्हा त्यांनाही तुझी परीक्षा तेवढी होऊ द्यायची होती. परीक्षा झाली, आणि तो उद्या काही आला नाही.

तिला सांगायला तुझी परवानगी मी मागत नाहीये. मागितली आणि तू नको म्हणालीस तर मी पुन्हा तीन आठवडे विचार करत बसेन, मला मी ओळखते. आजचा दिवस तिचा होता, तो तिला दिला. जेवण झालंय, पाहुणे अजून बसलेत, ती शेजारच्या खोलीत भावंडांना पाकिटं उघडून दाखवतेय आणि हसतेय. इथून ऐकू येतंय.

मी शुक्रवारपर्यंत इथे आहे. परवापासून रोज दुपारी तुझ्याकडे येईन.

उद्या: हेर्दिसची कंबर आणि दंड मोजायचा, आणि कशासाठी मोजतेय ते तिला सांगायचं.

राग्नी